कपारीतला कडू कंद

एका दाट रानात एक हरिणी आपल्या एकुलत्या एक पाडसाला घेऊन राहत असे. त्या रानात एक भली रीत होती. फार वर्षांपूर्वी तिथे लाळ-खुरकत रोगाची साथ आली. तोंडात फोड, खुरांत फोड! ज्यांच्या अंगात बळ होतं त्यांनी आपापलं औषध हुडकलं, दुबळे मात्र तडफडून मेले. ते पाहून एका म्हाताऱ्या अस्वलाला राहवेना. त्याने सगळ्यांना गोळा केलं आणि सांगितलं, “डोंगराच्या कपारीत औषध साठवू या. ज्याला जे जमेल ते त्याने आणावं, ज्याला दुखेल त्याने न्यावं. नेणाऱ्याला कोणी काही विचारायचं नाही.” तेव्हापासून वानरं साल आणत, हरणं पाला आणत, आणि रानडुकरं मुसकटाने जमीन उकरून खोल दडलेला कडू कंद काढत. आपली हरिणीसुद्धा लहानपणी याच औषधाने वाचली होती. पण इतक्या लहानपणीचं कुणाला आठवतं?

पुढे अस्वल गेलं, साथीची आठवणही गेली. सगळे कसे धडधाकट! मग कोल्ह्याच्या डोक्यात किडा वळवळला. “आणायचं एकाने आणि न्यायचं दुसऱ्याने, हा कुठला न्याय? यंदा ज्याने आणलं त्यालाच द्या.” लबाड नुकताच पाल्याचा भारा टाकून आला होता, म्हणून ही अक्कल! पण हरिणीला ते पटलं. उन्हातान्हात पाला तोडून तिचे ओठ सोलवटले होते. ती म्हणाली, “खरंच आहे. कष्ट आमचे आणि चैन भलत्यांची!” झालं! कपारीच्या तोंडाशी एक वानर राखणीला बसला.

एका सकाळी हरिणी पाला टाकायला आली, तर तिथे एक रानडुकरीण लंगडत आलेली. तोंडातून लाळ गळत होती. “यंदा काय आणलंस?” वानराने विचारलं. “पोटुशी होते रे दादा, उकरणं झालं नाही. दरवर्षी आणतेच की! एक कंद दे.” वानराने हरिणीकडे पाहिलं. हरिणीला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण ती म्हणाली, “आज हिला दिलं की उद्या सगळेच येतील. नियम तो नियम.” डुकरीण तशीच लंगडत माघारी वळली. वाटेत सगळ्यांच्या पाणवठ्यावर पाणी प्यायली आणि आपल्या कळपात जाऊन पडली.

थोड्याच दिवसांत डुकरांचा सगळा कळप आडवा झाला. आणि अरेरे, त्याच पाणवठ्यावर पाणी प्यायलेलं पाडसही! हरिणी धापा टाकत कपारीशी गेली. वानर म्हणाला, “ताई, तू तर भरपूर आणलंस. हवं ते ने. पण कंद होता तेवढा साथीत संपला, डुकरांच्या कळपालाही पुरला नाही. डुकरंच आजारी, उकरणार कोण?” पाल्याचा ढीग पडला होता, पण या रोगाला पाला लागू पडत नाही. हरिणीने खुरांनी जमीन खरवडली. वरची माती तेवढी निघाली. शेवटी लाज गिळून ती डुकरिणीकडे गेली. “माझं चुकलं गं बाई! माझं लेकरू जातंय. एवढा एक कंद काढून दे.” डुकरिणीचं मुसकट फोडांनी भरलं होतं, तरी ती उठली. तिने जमिनीत मुसकट खुपसलं, पुन्हा खुपसलं. रक्त आलं तशी ती मटकन खाली बसली. “नाही गं होत,” ती कण्हली. “त्या दिवशी मला एक मिळाला असता, तर आज तुझ्या लेकरासाठी हवे तेवढे काढले असते.”

दिवस मावळायच्या आत पाडस गेलं. त्याचं अंग गार पडलं तरी हरिणी त्याला चाटतच राहिली. वानर कपारीपुढून आपणहून उठून गेला. साथ ओसरल्यावर जुनी रीत पुन्हा सुरू झाली, न विचारता औषध मिळू लागलं. पण बाळांनो, हरिणीचं पाडस काही परत आलं नाही.

तात्पर्य : दुखणं कोणाचंही असो, औषध सगळ्यांचं असावं. शेजाऱ्याला नाकारलेलं औषध वेळेला आपल्या लेकरालाही मिळत नाही.