कोल्ह्याचे स्वच्छ पाय

फार वर्षांपूर्वी एका रानात गाडीरस्त्याच्या कडेनं लहान जिवांसाठी पायवाट होती. तिच्यावर रेडे बसत. त्यामुळे टिटवीला आपली न उडणारी पिलं गाड्यांच्या चाकांमधून तळ्यावर न्यावी लागत. त्यात एक पिलू गेलं, तेव्हा पंचांनी रेड्यांना तिथं बसायची बंदी केली. वर्ष उलटलं, नवी पिलं आली, तरी रेडे तिथंच.

टिटवीला संशय आला. तिनं पंचांच्या कारभाऱ्याला, रस्त्याकडेच्या दगडावर बसलेल्या कोल्ह्याला गाठलं.

"कोल्होबा, बंदी झाली ना?"

"झाली की, बाई."

"मग लागू कधी व्हायची?"

"हरकती ऐकून झाल्या की."

"कुणाच्या हरकती?"

"रेड्यांच्या."

"आणि ऐकतंय कोण?"

"रेडेच. बसून ऐकायला दुसऱ्या कुणाला सवड आहे?"

टिटवीनं त्याला नीट निरखलं. रस्त्यावर घोटाभर धूळ होती, पण कोल्ह्याचे पाय स्वच्छ होते.

"तुम्ही आलात कसे?"

कोल्ह्यानं हाक मारली, तसा पायवाटेवरचा एक रेडा उठून आला. कोल्हा त्याच्या पाठीवर चढला.

"तोवर पिलांना जपून न्या, बाई."

टिटवीनं पुन्हा तारीख विचारली नाही. पिलांना पंखाखाली घेऊन ती गाड्या सरायची वाट बघत उभी राहिली.