कुलगुरू गोल झाले

एक जंगल होतं. जंगल असल्यामुळे तिथे लोकशाही होती. ठरल्या वेळी सगळे प्राणी मतं द्यायचे आणि ठरल्याप्रमाणे तरस राजा म्हणून निवडून यायचा. निकाल लागायच्या आधीच तो हसत असायचा, आणि निकालानंतर बाकीच्यांनाही हसावं लागायचं.

तरसाचं निवडणूक चिन्ह होतं बेहडा. ‘मजबूत खोड, मजबूत सरकार’ ही त्याची घोषणा. जंगलाच्या मधोमध खरोखरीचा एक अवाढव्य बेहडा होता. खाली विद्यापीठ भरायचं आणि वरच्या ढोल्यांमध्ये धनेश पक्षी घरटी करायचे. धनेशांची रीत अशी, की शिमग्याच्या सुमाराला मादी ढोलीत शिरते, चोच जाईल एवढी फट ठेवून दार लिंपून घेते आणि पिल्लं वाढेपर्यंत बाहेर येत नाही. आत तिची पिसंही गळतात. झाडावर इतका विश्वास टाकणारं दुसरं कोणी त्या जंगलात नव्हतं.

या विद्यापीठात डॉ. खवले नावाचे शास्त्रज्ञ होते. जातीने खवल्या मांजर, विषय वाळवी. वाळवी कुठून शिरते, काय खाते आणि खाऊन झाल्यावर किती साळसूद दिसते, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. सोबतीला ठोकेताई नावाची सुतारपक्षीण होती. ताई खोड ठोकायच्या, खवले मुळाशी हुंगायचे. त्यांच्या प्रयोगशाळेचं छप्पर गळायचं आणि दोघं त्याबद्दल मजेत कुरकुरायची. खवल्यांच्या आयुष्यातले ते बरे दिवस होते.

एकदा दिवाळीच्या सुमाराला ताईंनी सहज बेहडा ठोकून पाहिला. मग थोडं वर ठोकला. मग दुसऱ्या बाजूने.

“पोकळ आहे,” ताई म्हणाल्या.

खवल्यांनी मुळाशी नाक घातलं आणि बराच वेळ काढलंच नाही. “वाळवीच आहे,” ते अखेर म्हणाले. “पहिल्या वळवाला झाड जाईल.”

“आणि तोवर धनेशिणी दारं लिंपून आत बसलेल्या असतील.”

खवले तडक राजाकडे गेले. त्यांच्या बाजूने बोलण्यासारखं जे काही आहे, ते एवढंच.

तरसाने सगळं ऐकलं आणि तो हसला. “डॉक्टर, तुमच्यासारखा विद्वान गळक्या छपराखाली सडतोय, हे आमच्या सरकारला शोभत नाही. उद्यापासून तुम्ही कुलगुरू. झाडाचं काय, एक समिती नेमू. अध्यक्ष तुम्हीच.”

खवले शाल आणि नारळ घेऊन परतले. “पदावर असलं की आतून काम करता येतं,” त्यांनी ताईंना समजावलं.

“वाळवीही आतूनच काम करते, सर,” ताई म्हणाल्या. त्या पहिल्यांदाच त्यांना सर म्हणाल्या होत्या.

आता, भीती वाटली की खवल्या मांजर पोटात तोंड घालून गोल होतं. शास्त्रज्ञ असताना खवल्यांवर ही वेळ क्वचितच आली होती. कुलगुरू झाल्यावर मात्र रोज येऊ लागली. शिक्षणमंत्री होता रानडुक्कर. तो आजवर एकदाच शाळेत गेला होता, तेही अंगणातले कंद उकरायला. त्याने आपल्या भाच्याला प्राध्यापक करायला सांगितलं. खवले गोल झाले आणि भाचा प्राध्यापक झाला. विद्यार्थ्यांनी वसतिगृहाचं काय झालं म्हणून विचारलं. खवले पुन्हा गोल झाले. वृत्तपत्रांनी त्यांना मितभाषी आणि संयमी म्हटलं, आणि त्यांना ते आवडलं.

झाडाच्या समितीवर वाळवीचे प्रतिनिधी घेण्यात आले. झाडाचा इतका जवळून अभ्यास दुसऱ्या कोणी केलाय, असा मंत्र्यांचा बिनतोड सवाल होता. समितीच्या पहिल्याच बैठकीत परिसरात ठोकण्यावर बंदी आली, कारण ठोकल्याने नकारात्मक आवाज निघतात. फर्मानाखाली सही खवल्यांची होती.

शिमगा झाला, धनेशिणी आत बसल्या. आंबे पिकायला लागले तेव्हा पदवीदान समारंभ ठरला, बेहड्याखालीच. वृक्षविज्ञानातली मानद पदवी तरसाला द्यायची होती.

त्या सकाळी ढग दाटून आले. ठोकेताई खवल्यांना गाठायला आल्या.

“एकदाच म्हणा, झाड पोकळ आहे. माझं कोणी ऐकत नाही, पण कुलगुरूंचं ऐकतील. सगळे मिळून दारं फोडू, बायांना पिल्लांसकट खाली उतरवू. संध्याकाळपर्यंत होईल.”

“आजचा समारंभ होऊन जाऊ दे, ताई. उद्या मी स्वतः बघतो.”

ताई वर उडाल्या आणि बंदी मोडून पहिलं दार फोडायला लागल्या.

खाली तरस बोलायला उभा राहिला. “मित्रहो, काही जण विचारतात, खोडाच्या आत काय आहे? मी म्हणतो, आत बघणाऱ्यांची नजरच वाईट. बेहडा हा विश्वास आहे. आणि विश्वास कधी ठोकून बघतात का?”

टाळ्या पडल्या. वारा सुटला. मुळातून एक बारीक करकर आली. ती एकट्या खवल्यांनी ओळखली. सारी हयात त्यांनी त्याच आवाजाचा अभ्यास केला होता. ध्वनिक्षेपक समोर होता. ‘पळा’ एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं, आणि तो शब्द त्यांच्या तोंडापर्यंत आलाही होता. त्यांनी राजाकडे पाहिलं आणि ते गोल झाले.

रानडुकराला वाटलं, राजाला मुजरा करायची ही नवी पद्धत आहे. आपण मागे राहायला नको म्हणून त्याने घाईघाईने पोटात तोंड घातलं. त्याचं बघून अधिष्ठाते वाकले, त्यांचं बघून प्राध्यापक, मग पदवी घ्यायला आलेली पोरं आणि त्यांचे आईबाप. वर बघणारं कोणी उरलं नाही. एकट्या तरसाला वाकायला समोर कोणी नव्हतं. त्याने वर पाहिलं आणि धूम ठोकली.

झाड वाकलेल्या पाठींवर पडलं. ताईंनी फोडलेल्या एका ढोलीतली धनेशीण पिल्लांसकट वाचली. बाकीची दारं लिंपलेलीच होती. खवल्यांना त्यांच्या खवल्यांनी वाचवलं. खोडाखाली गोल पडल्या पडल्या त्यांना आतून चोची आपटल्याचं ऐकू येत होतं. मग ते आवाज एकेक करून थांबले. तरीही खवले उलगडले नाहीत.

चौकशीचं काम अर्थातच त्यांच्याकडे आलं. झाड मजबूत होतं, ते ठोकल्यामुळे पडलं, असा निष्कर्ष निघाला. ठोकेताईंना जंगलाबाहेर काढण्यात आलं. खवले आता सगळ्याच विद्यापीठांचे प्रमुख आहेत, आणि पोटात तोंड घालून नमस्कार करायला पहिलीपासून शिकवतात.

विद्यापीठ दुसऱ्या एका बेहड्याखाली पुन्हा भरू लागलं आहे. ते झाड आतून कसं आहे, ते कोणी पाहिलेलं नाही. सावली मात्र छान आहे, असं सगळे म्हणतात.