खिंडीतली भेट

फार जुनी गोष्ट आहे, शेजारशेजारच्या दोन राजांनी अबोला धरला होता तेव्हाची. राजे रुसले आणि दोन्ही राज्यांमधली डोंगरातली खिंड प्रजेला बंद झाली. व्यापाऱ्यांचे हमाल तेवढे ओझी घेऊन ये-जा करत. पण पलीकडच्या कितीतरी लेकी अलीकडे नांदत होत्या, त्यांचं काय? शेवटी असं ठरलं की, वर्षातून एक दिवस, सुगी संपल्यावर, मायलेकींनी आपापल्या बाजूने चढून खिंडीत भेटावं. पलीकडे खाली मात्र कुणी उतरायचं नाही.

अलीकडच्या गावात एक कोष्टीण होती. मागच्या भेटीत तिची आई म्हणाली होती, "आणखी एक वर्ष कशीबशी चढेन गं. पुढचं काही खरं नाही." ते शब्द तिच्या मनातून जात नव्हते. मागावर बसली तरी तिला आईचे हात दिसत.

आणि नेमकी पावसाळ्यात ती तापाने अंथरुणाला खिळली. ताप गेला, पण अंगात त्राण उरलं नाही. वैद्याने सांगितलं, नाचणीची आंबील घे, मूग खा, दूध पी आणि रोज थोडी थोडी चढण चाल. सुगीपर्यंत खिंड गाठशील.

त्याच सुमारास बाजारात एक व्यापारी आला. त्याच्या बरण्यांवर खिंड चढणाऱ्या हमालाचं चित्र होतं. आत नुसता साखरेचा केशरी पाक, नाव मात्र भारदस्त: गिरिबल. "हे हमाल रोज गिरिबल खातात, विचारा त्यांना," असं तो सांगे आणि हमालही मान डोलावत. यात खोटं काहीच नव्हतं.

आईच्या ओढीने जीव कासावीस झालेल्या बाईला आंबील फार सावकाश वाटली. ती सकाळ-संध्याकाळ पाक चाटू लागली. चाटला की घटकाभर हुशारी येई. गोडाने भूक मरे आणि आंबील तशीच राही. चढण चालायची तर तिला गरजच वाटेना.

भेटीच्या दिवशी ती सगळ्यांच्या पुढे निघाली. निम्म्या वाटेवर पाय लटपटले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती बसली ती बसलीच. वरून मायलेकींचं हसणं-रडणं ऐकू येत होतं. वर तिच्या आईला इतर बायकांकडून लेकीच्या आजारपणाचं कळलं; उन्हं कलेपर्यंत वाट पाहून ती परत गेली.

एक हमाल उतरताना तिच्यापाशी थांबला. तिने विचारलं, "तुम्ही खरंच गिरिबल खाता?"

"खातो की. व्यापारी फुकट देतो, म्हणून जेवल्यावर बोटभर चाटतो. पण बाई, त्याआधी भाकरी आणि उसळ पोटभर खाल्लेली असते. आणि लहानपणापासून हीच चढण चढतोय."

"मग हे सांगितलं का नाही?"

"कुणी विचारलंच नाही."

त्यानंतर वर्षभर तिने आंबील चुकवली नाही आणि चढणही चुकवली नाही. पुढच्या सुगीला ती सर्वांआधी खिंडीत पोहोचली. पलीकडून बायका येत राहिल्या. शेवटी तिची भावजय आली, एकटीच.

"सासूबाई हिवाळ्यात गेल्या," ती म्हणाली. "शेवटपर्यंत विचारत होत्या, पोरीला बरं वाटलं का म्हणून."

कोष्टिणीला रडू आवरेना. आता तिच्या पायांत इतकं बळ होतं की, आईला पाठीवर घेऊन ती सगळा डोंगर चढली असती.

तात्पर्य: खाण्याचे गुण विकणारा सांगू लागला, की त्याने काय सांगितलं नाही तेही वेळेवर विचारून घ्यावं.