इंदुलेखेचा वड

ही गोष्ट बाहेर सांगायची नाही, असं आईने मला बजावून ठेवलं आहे. तरी सांगते. तुम्ही ऐका आणि पोटात ठेवा.

एका राज्यात मणिध्वज नावाचा राजा होता, आणि तिथे असा रिवाज होता की राजाच्या प्रत्येक अपत्याने उथळ कुंडीत एक खुजं झाड बाळगायचं. राजा थकला की ती झाडं दरबारात मांडत. मग एक म्हातारी साळुंकी येई, झाडं न्याहाळी, आणि ज्याच्या झाडावर ती बसे त्याच्या डोक्यावर मुकुट चढे. साळुंकी माणसांसारखी बोले आणि खोटं कधी बोलत नसे, म्हणून तिच्याशी कुणी वाद घालत नसे.

मणिध्वजाला दोन मुली. थोरली इंदुलेखा, धाकटी केतकी. दोघींनी एकाच पावसाळ्यात उंबराचं बी पेरलं. इंदुलेखेचं रोप सुकलं. तिने दुसरं लावलं, ते कुजलं, आणि तिने हात झटकले. केतकीचं मात्र वाढलं. वीतभरच उंच, पण खोड गाठाळ, फांद्या डौलदार, आणि एका वर्षी त्याला मण्याएवढं लालबुंद उंबर लागलं. राजा रोज सकाळी ते बघायला जाई. परतताना थोरलीच्या महालावरून जाई, पण आत डोकावत नसे.

तेव्हापासून इंदुलेखेच्या छातीत निखारा पडला. केतकी हसली तरी तिला टोचे. केतकीच्या बोटांना माती दिसली तरी वाटे, ही मुद्दाम दाखवते आहे. धाकट्या बाईसाहेबांच्या हाताला गुण आहे, असं दासी म्हणाल्या, तर तिने त्या दासींना गोशाळेत धाडलं.

शेवटी ती पूर्वेच्या डोंगरात कर्दम मांत्रिकाच्या गुहेत गेली. तिथे जुनी झाडं विकायला मांडली होती. त्यांत एक वड होता, पणजोबांच्याही आधीचा. मांडीएवढं खोड, पारंब्या मातीत उतरून त्यांचे खांब झालेले, आणि एक फांदी नदीसारखी वळत कुंडीबाहेर आलेली. त्या फांदीवर इंदुलेखेचा जीव जडला. मांत्रिकाने मोबदल्यात तिची सावली मागितली. तिने दिली. सावलीचं तिला कधी काम पडलं नव्हतं.

“एक सांगून ठेवतो,” मांत्रिक म्हणाला. “हे झाड नुसतं बघायला ठेवलंस, तर ते तुला स्वतःसारखं करील.”

इंदुलेखा फांदीकडे बघत होती. तिने नुसती मान हलवली.

वड महालात आला. राजा पाहायला आला आणि एवढं सुरेख वळण कसं दिलं, असं त्याने विचारलं. इंदुलेखा म्हणाली की ते गुपित आहे. केतकीही आली, बराच वेळ खोडाकडे बघत उभी राहिली आणि परत गेली. इंदुलेखेला त्या रात्री गाढ झोप लागली.

पण एवढ्या मोलाच्या झाडाला हात लावायची तिची छाती होईना. पान खुडलं तर शोभा जाईल, मुळांना धक्का लागला तर झाड जाईल. फांदीला वळण टिकावं म्हणून तांब्याची तार गुंडाळलेली होती, ती तिला दागिना वाटली. रोज चिंच लावून ती तार लख्ख घासे. खाली फांदी फुगत होती आणि तार सालीत रुतत होती.

एका सकाळी वडाची तार घासून झाल्यावर तिला पाऊल उचलता येईना. घोट्यापर्यंत साल चढली होती. वैद्य हरले. मग साळुंकी खिडकीत येऊन बसली.

“तीन कामं आहेत, राजकन्ये. तार काढ. मुळं छाट. आणि ज्या फांदीसाठी झाड आणलंस, ती काप. सगळं तुझ्याच हाताने. नाहीतर दरबारात तुझ्या नावाची दोन झाडं मांडावी लागतील.”

हे कसं करायचं ते राज्यात एकट्या केतकीला ठाऊक होतं. कंबरेपर्यंत साल चढली तरी इंदुलेखेने तिला हाक मारली नाही. बरगड्यांना खरखर लागली तेव्हा मारली.

केतकी धावत आली. तिने कात्री लावली, तर पाती मेणासारखी वाकली. मग ती नुसती शेजारी बसून सांगत राहिली. तार उलगडू नकोस, साल निघेल, तुकडे कर. इंदुलेखेने तुकडे केले. कुंडीतून झाड काढलं, तर मुळं एकमेकांना आवळून कुंडीच्याच आकाराची झाली होती. तिने कात्री खाली ठेवली.

“मेलं तर?”

“माझी मेली आहेत, अक्का. मागच्या अंगणात ढीग आहे. तुझी दोन मेली आणि तू थांबलीस.”

इंदुलेखेने कात्री पुन्हा उचलली. मग तिने मुळं छाटली. करवत फांदीवर ठेवली, रडली, आणि रडत रडत फांदी कापली. तशी अंगावरची साल पापुद्र्यांनी गळून पडली, सावली परत आली आणि मुकाट्याने पायांशी लवंडली. तिकडे डोंगरात कर्दमाची गुहा मिटली.

पुढे राजा थकला आणि दरबार भरला. साळुंकी बोडक्या वडावर क्षणभर रेंगाळली आणि उंबरावर जाऊन बसली. मुकुट केतकीला मिळाला. हेवा पुन्हा उसळला, तशी इंदुलेखेने घाईघाईने खाली पाहिलं. पाय पायच होते.

नवी राणी सिंहासन उतरून वडाशी आली. कापलेल्या जागेखाली तांबूस कोंब फुटला होता.

“अक्का, हे झाड पहिल्यांदा पाहिलं तेव्हापासून मी जळते आहे. म्हातारी झाले तरी असं खोड माझ्या हातून व्हायचं नाही. मला देशील?”

“नाही,” इंदुलेखा म्हणाली. “आता कुठे ते माझं व्हायला लागलंय. बघायला ये. जळायला आलीस तरी चालेल.”

राणीला हसू फुटलं, आणि दोघी बहिणी भर दरबारात, मुकुटासकट, त्या कुंडीपाशी मांडी घालून बसल्या आणि इंदुलेखेने त्या कोंबाला — आले, आई. नाही, कुणाशी बोलत नव्हते, नुसतं