चुणीचे पोट

एकदा एका वृद्ध रंगाऱ्याने भोपळ्याला झबले घातले. तेही व्यापारी दारात उभा असताना आणि त्याचे गलबत ओहोटीची वाट पाहत असताना. त्या खाडीकाठच्या गावात यावरून पुष्कळ दिवस हसणे झाले. साठी बुद्धी नाठी, असेही काही जण म्हणाले. लोकांना हसायला निमित्त पुरते, कारण लागत नाही. कारण हवे असेल तर थोडे मागे जावे लागेल.

गुणाजी रंगारी तान्ह्या मुलांची झबली करण्यात निष्णात होता. कापड हिरड्याच्या आणि तुरटीच्या पाण्यातून काढायचे, मंजिष्ठेच्या लाल रंगात शिजवायचे, वाळवायचे, मग छातीशी बारीक चुण्या घालून त्यांवर भरतकामाचे टाके घालायचे, अशी त्याची रीत. चुणीचा वर दिसणारा उंचवटा म्हणजे तिची पाठ आणि आत मिटलेला भाग म्हणजे तिचे पोट, असे रंगाऱ्यांच्या बोलण्यात असे. टाके पाठीवर पडतात, पोट झाकलेले राहते. मूल अंगाने भरू लागले की चुण्या सैलावतात आणि तेच झबले त्याला वर्षभर पुरते.

त्याच्या हाताखाली द्वारका नावाची एक तरुण विधवा शिकत होती. तिची लेक भावाच्या घरी राहत होती. भाऊ वाईट नव्हता. पण दुसऱ्याच्या घरच्या घासाला वाढणाऱ्याच्या चेहऱ्याचीही चव असते. द्वारकेला लेक जवळ हवी होती आणि त्यासाठी स्वतःचे काम हवे होते. गुणाजीने तिला सांगून ठेवले होते, "या खेपेची झबली सगळी तुझी. व्यापाऱ्याला पसंत पडली, तर पुढचं काम तो तुझ्याच नावावर देईल."

वैशाख संपत आला होता. पावसाळ्यात समुद्र बंद होतो, मग व्यापारी नारळी पौर्णिमेनंतरच फिरकणार. आणि या वेळी तो नेमका लवकर येत असल्याचा निरोप आला. द्वारकेचे कापड अजून कोरेच होते. खाडीवरच्या दमट हवेत सपाट रंगवलेले कापड वाळायला वेळ लागतो. तेव्हा तिने क्रम उलटा केला. आधी धावदोरा घालून चुण्या घट्ट ओढून घेतल्या आणि त्या गोळा झालेल्या कापडालाच रंग दिला. रंगाचे पाणी चुण्यांच्या आत शिरलेच नाही, त्यामुळे रंगही थोडा लागला आणि कापड लवकर वाळले. मग तिने टाके घातले आणि धावदोरा काढून घेतला. पाठी गडद लाल उतरल्या होत्या. पोटात पांढरे राहिले आहे, हे तिला दिसले होते. पण ते मिटलेले होते. मिटलेले कोण उघडून पाहणार, असे तिने मनाला सांगितले, आणि अशा वेळी मन फार लवकर ऐकते.

व्यापाऱ्याने एक झबले हातात घेतले आणि तो खूश झाला. "रंग छान चढलाय. सगळी घेतो."

गुणाजीने ते झबले त्याच्याकडून मागून घेतले, चुण्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "द्वारके, माळ्यावरचा भोपळा आण गो."

द्वारकेने गोंधळून भोपळा आणून दिला. म्हाताऱ्याने तो मांडीवर घेतला आणि आई बाळाला घालते तसे जपून त्याला झबले घातले. व्यापारी हसू लागला. मग छातीवरच्या चुण्या ताणल्या, पोटे उघडली आणि लाल कापडावर पांढऱ्या रेघाच रेघा दिसू लागल्या. व्यापाऱ्याचे हसू थांबले.

पण तो मुरलेला माणूस होता. "अहो तात्या, ही पुढची गोष्ट झाली. बारशाला तर लालच दिसेल ना? घेणारा तेवढंच बघतो. माझी हरकत नाही, बांधा."

"माल द्वारकेचा आहे. तिला विचारा," गुणाजी म्हणाला.

द्वारकेचा चेहरा उतरला होता, आणि तिला रागही आला होता. "तात्या, तुम्हाला कळलं होतं तर मला आत बोलावून सांगायचं होतंत. यांच्यासमोर कशाला?"

"कळलं नव्हतं. कापड फार लवकर वाळलं, एवढंच मनात आलं होतं. शंका आली, ती बघून घेतली. ते समोर होते, कारण झबलं त्यांच्या हातात होतं." म्हाताऱ्याने भोपळा बाजूला ठेवला. "आता ऐक. सदरा असता तर मी इतका खोलात गेलो नसतो. सदऱ्याचं माप आजचं असतं. आपण चुण्या घालतो त्या कशाला? शोभा नंतरची गो. मूल वाढणार, म्हणून त्याची जागा आपण आधीच धरून ठेवतो. चुणीचं पोट म्हणजे त्या पोराचे पुढचे दिवस. तू पाठ रंगवलीस आणि पोट उपाशी ठेवलंस. पोर अंगानं भरेल आणि नेमकं तेव्हाच झबलं विटकं दिसेल. आईला वाटेल, पोर वाढलं म्हणून झबलं बिघडलं. वाढणं हाच त्याचा दोष ठरेल."

आणि तो पुढे म्हणाला, "दे किंवा देऊ नको, हे मी सांगणार नाही. लेक तुझी तिकडे आहे, माझी नाही."

बाहेर गलबताचा तांडेल व्यापाऱ्याला हाका मारत होता. पाणी उतरू लागले होते. द्वारकेला लेकीची शेवटची भेट आठवली. पोरीचा परकर आखूड होऊन पोटऱ्यांवर आला होता, आणि भावजय कपाळाला आठ्या घालून म्हणाली होती, "किती वाढते ही, पुरं पडत नाही काही." पोरगी तेव्हा पाय दुमडून परकराखाली घेऊन बसली होती.

द्वारकेने सगळी झबली उचलून छातीशी धरली. "नाही देत," ती व्यापाऱ्याला म्हणाली.

"मग आता नारळी पौर्णिमेनंतरच," तो म्हणाला आणि निघून गेला.

गलबत दिसेनासे झाल्यावर ती खूप रडली. सबंध पावसाळा लेकीविना काढायचा होता आणि त्याला इलाज नव्हता. गुणाजीने तिची समजूत घातली नाही. समजूत घालण्यासारखे काही नव्हतेच. त्याने चूल पेटवली आणि रंगाचा हंडा तिच्यासाठी चढवला. ती झबली उसवून पुन्हा रंगवली, तरी रेघांची खूण पुरती गेली नाही. ती झबली गावातल्या बाळंतिणींना, दोष सांगून, तशीच देऊन टाकली. नवे कापड मात्र द्वारकेने सपाट रंगवले आणि पावसात चुलीच्या धगीवर धीराने वाळवले.

नारळी पौर्णिमेनंतर व्यापारी आला. त्याने पहिल्याच झबल्यात दोन्ही मुठी घालून चुण्या करकरेपर्यंत ताणल्या. आतबाहेर लाल होते. त्याने सगळी झबली बांधून घेतली आणि जाताना पुढचे काम द्वारकेच्या नावावर सांगितले.

दुसऱ्या दिवशी ती लेकीला घेऊन यायला भावाच्या गावी गेली. लेक धावत दारात आली. पावसाळ्याभरात ती आणखी उंच झाली होती, आणि ते पाहून द्वारकेला नुसता आनंद झाला.