घंटेकडे पाठ

“चार बोटं, माई. फक्त चार बोटं कमी पडतात. ती कुठून आणू, एवढंच सांगा.”

ओकदान मठाच्या पायरीवर उभी होती. टेकडी चढून धाप लागलेली, पण मान ताठ.

माई पाला खुडत बसली होती. दवण्यासारखा कडू वासाचा रानपाला. दानोचा सण तोंडावर आला की कोरियात घरोघरी तो दाराला बांधतात. इडापिडा उंबऱ्याबाहेर राहते म्हणतात. माईच्या मठाला धड दार नव्हतं. ती खुडत होती गावासाठी.

म्योसन हे तिचं भिक्षुणीचं नाव. तिला स्वतःला तरी ते आठवत होतं की नाही, देव जाणे. सारं सोल्मे गाव तिला माईच म्हणे.

“कशाला कमी पडतात?”

“घंटेला, माई. आणखी कशाला?”

आता ही घंटा काय ते सांगायला हवं.

पाचव्या चांद्रमहिन्याची पंचमी म्हणजे दानो. त्या दिवशी पुरुष कुस्त्या खेळतात, जिंकणारा बैल घेऊन घरी जातो. आणि बायका वर्षभराच्या भिंतींतून बाहेर पडतात. वेखंडाच्या पाण्याने केस धुतात, वेखंडाचीच मुळी केसांत खोचतात, ठेवणीतले कपडे काढतात आणि झोक्यावर चढतात. उभ्याने. सोल्मेत झोका बांधत नदीकाठच्या जुन्या झाडाला, आणि झोक्यासमोर, दोन उंच बांबूंच्या मधल्या दोरीला, पितळी घंटा. जिचा पाय घंटेला लागेल ती त्या सालची राणी.

पण सोल्मेच्या बायका राणी होण्यासाठी जीव टाकत नव्हत्या. गावाची जुनी रीत अशी, की घंटा वाजवणारीला त्याच दिवशी ढोल वाजवत माहेरी पोचवायचं. सासू असो, सासरा असो, त्या दिवशी कुणी आडवं यायचं नाही.

ओकदानचं माहेर नदीपलीकडे होतं. मधे पाणी, आणि पाण्यापलीकडे पाइनच्या झाडांची उंच रांग. गेल्या हिवाळ्यात सुया-दोरे विकणारा फेरीवाला सांगून गेला, तुझ्या आईने अंथरूण धरलंय. त्यानंतर पलीकडून ना निरोप, ना माणूस.

सासूकडे रजा मागितली असती तर मिळाली असती. सासू एकदा म्हणालीही, “तोंड आहे ना, उघडून माग की.”

ओकदान म्हणाली, “मागून मिळालेलं माहेर मला नको. मी जिंकून जाईन.”

सासू तरी काय कमी? ती म्हणाली, “मग जिंक बाई.”

आणि दोघी आपापल्या कामाला लागल्या. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, अशातल्या दोघी.

“माझ्यासारखा झोका या खोऱ्यात कुणी घेत नाही,” ओकदान मठाच्या पायरीवरून सांगत होती. “हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात.”

“बरं.”

“वर्षभर मी दुसरं काही पाहिलं नाही. भात निवडताना घंटा, धुणं बडवताना घंटा. डोळे मिटले तरी घंटा.”

“बरं.”

“तरी पाय पोचत नाही. एखादा मंत्र असेल तर द्या. उपास सांगा. काहीही करीन.”

माईने पाल्याची एक जुडी बांधली. दुसरी घेतली.

“घंटा कुठे असते?”

“समोर.”

“आणि मागे?”

“मागे?” ओकदानला हसू आलं. “मागे काय असणार, माई? मागे काही नसतं.”

“इतकी वर्षं झोके घेतेस, आणि मागे काय आहे ते ठाऊक नाही?”

“मागे बघून कुणी घंटा वाजवली आहे का?”

माई पाला खुडत राहिली.

“माई... मंत्र?”

“पाल्याची टोपली घेऊन जा. मला आता उतार सोसत नाही.”

“आणि उद्या?”

“उद्या मी येईन.”

ओकदानने टोपली डोक्यावर घेतली आणि धुसफुसत उतरली. आपण मंत्र मागायला आलो आणि म्हातारीने हमाली लावली. टेकडीवरून दोन्ही तीर दिसतात, हे तिच्या ध्यानात आलं नाही. पलीकडचं काही माईला ठाऊक आहे का, हेही तिने विचारलं नाही. तिने घंटेचंच विचारलं होतं.

दानोचं ऊन लख्ख पडलं.

नदीकाठ माणसांनी फुलला. चाकाचा छाप मारलेल्या हिरव्या तांदूळवड्या वाफाळत होत्या, थोरली माणसं धाकट्यांना पंखे वाटत होती, एका बाजूला कुस्तीच्या मातीत दोन दांडगे एकमेकांच्या कमरेला लोंबकळत होते. जो तो ओल्या केसांच्या बायकांकडे बघून वेखंडाचा वास छातीत भरून घेत होता.

प्रत्येकीला दोन खेपा. गावचे कारभारी ग्वाक आजोबा झाडाखाली चटईवर बसले होते, नियम सांगायला. नियम सगळ्यांना पाठ होते, पण सांगायला मिळतात ते एवढ्याच दिवशी, म्हणून आजोबा सावकाश सांगत होते.

एकेक जण चढली, उतरली. घंटा ढिम्म.

ओकदान आली तसे सगळे पुढे सरकले. तिने चपला काढल्या, फळीवर चढली, मनगटं दोरीच्या कापडी फासात अडकवली. सासू बायकांच्या घोळक्यात हाताची घडी घालून उभी होती. चेहऱ्यावर काही नाही.

झोका चढला. काय चढला! घागरा शिडासारखा फुगला. नजर घंटेवर खिळलेली. अजून थोडं... अजून... घंटा जवळ आली आणि ओकदानने पाय फेकला.

चार बोटं.

पुन्हा वर. पुन्हा पाय फेकला. पाय फळीवरून सुटला की झोक्याचा जोर मधेच मोडत होता आणि फळी वाकडी होत होती. हे खालच्या सगळ्यांना दिसत होतं. तिला दिसत नव्हतं, कारण तिला फक्त घंटा दिसत होती.

खेप फुकट गेली. झोका मंदावला, थांबला.

“हातची घंटा गेली,” कुणी तरी पुटपुटलं.

ओकदानला रडू फुटत होतं. राग आला की तिला रडू येई, आणि रडू आलं की राग. आईचा चेहरा आठवायला गेली तर तोही धड आठवेना. तिथेही घंटाच लोंबत होती. तेव्हा मात्र ती मनातून घाबरली.

“शेवटची खेप,” आजोबा म्हणाले.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. काठी टेकत माई आली. उतार सोसत नाही म्हणणारी, ती अख्खी टेकडी उतरून आली होती.

ती सरळ झोक्यापाशी गेली. काठी खाली ठेवली. ओकदानचे खांदे धरले आणि तिला फळीवरच गर्रकन फिरवलं. घंटेकडे पाठ, नदीकडे तोंड.

लोक हसायला लागले. कुस्तीवाले कुस्ती सोडून बघायला आले.

“माई, घंटा मागे राहिली.”

“राहू दे.”

“माझी ही शेवटची खेप आहे.”

“म्हणूनच.”

“मग मी बघू काय?”

“दिसेल ते.”

ओकदानने एकवार माईकडे पाहिलं. माईच्या डोळ्यांत ना मंत्र, ना आशीर्वाद. थोडी गंमत होती, असं ओकदान पुढे सांगायची.

आता हरायचंच आहे तर हरू, असं म्हणून तिने गुडघे वाकवले.

पहिल्या हेलकाव्याला दिसलं पाणी. दुसऱ्याला पलीकडचा काठ, धुण्याचे दगड. मग पाइनच्या झाडांची ती रांग. सासरी आल्यापासून जी भिंतच वाटत आली ती रांग.

झोका आणखी चढला आणि रांगेवरून एक छप्पर वर आलं.

गवताचं. एका कोपऱ्याला खचलेलं. शेजारी वाकडं पर्सिमनचं फळझाड.

माहेरचं छप्पर! झोका मागे गेला तेव्हा छप्पर बुडालं. तिने जीव खाऊन गुडघे वाकवले. पुढे. छप्पर पुन्हा वर आलं, आणि छपराखालची भिंत.

आणखी.

अंगणाचा काठ. वाळत घातलेली चटई. चटईवर कुणी तरी बसलेलं. आई? की शेजारची आत्या?

आणखी. आता तिला ना लोक ऐकू येत होते ना ढोल. फळीवर दोन्ही पाय घट्ट रोवलेले, अंग दोरीशी एक झालेलं. एवढंसं अजून वर गेलं की चेहरा दिसेल, एवढंसंच.

ती गेली.

चटईवर बाई बसली होती. नुकतेच धुतलेले पांढरे केस दोन्ही हातांनी उन्हात धरून, मान एका बाजूला कलती करून. ती मान ओकदानने जगात कुठेही ओळखली असती.

आई बसली होती. अंथरुणात नव्हती, अंगणात होती. स्वतःच्या हाताने केस वाळवत होती.

झोका मागे फिरला. सगळा आनंद अंगात घेऊन फिरला. कधी नव्हे इतका उंच गेला, आणि ओकदानच्या टाचांना मागे काही तरी थंड, जड लागलं.

ठण्ण.

खोरं घुमलं. वर्षानुवर्षं मुकी राहिलेली घंटा बांबूंमध्ये वेड्यासारखी झुलू लागली. लोकांनी टोप्या उडवल्या. ढोलवाला वाजवायचं विसरला, मग आठवलं तेव्हा दोन्ही हातांनी बडवत सुटला. कुस्तीचा बैल दावं तोडून उधळला, पण त्याच्यामागे धावतो कोण?

ओकदानला वाटलं, लोक आपल्याला हसताहेत. ती अजून झुलत होती, डोळ्यांतून धारा, ओठांवर हसू.

झोका थांबला. ती उतरली आणि माईच्या पायाशी बसली.

“माई, घंटा नाही लागली मला.”

“नाही?”

“मी बघितलीच नाही. पण आई दिसली. बरी आहे. केस वाळवतेय.”

माईने तिच्या केसांतली निसटलेली वेखंडाची मुळी पुन्हा नीट खोचली.

“वेडे, घंटा वाजली,” मागून आवाज आला. सासू होती. हातात ओकदानच्या चपला, काखेत तांदूळवड्यांचं गाठोडं. हे गाठोडं काही आत्ता बांधलेलं नव्हतं. फडक्याच्या गाठी सांगत होत्या की ते पहाटेपासून तयार होतं. “ऊठ. आणि विहीणबाईंना सांग, वड्या मी केल्यात. तू केल्यात असं सांगू नकोस.”

ओकदान उठली. तोंड उघडलं, मिटलं... आणि जे हिवाळ्यापासून बोलली नव्हती ते बोलली.

“आई, मी जाऊ का?”

सासूने बाहीने नाक पुसलं. “जा. म्हणजे, जाच.”

नाव काठाला लागली. ढोल पुढे झाला. आणि नेमके तेव्हाच ग्वाक आजोबा चटईवरून उठले.

“थांबा. नियम आहे.”

सगळे थांबले.

“घंटा पायाने वाजवायची, हा नियम. टाच पायातच धरतात, ते मान्य. पण ही बघत होती नदीपलीकडे. घंटेकडे हिची पाठ. जिने घंटा पाहिली नाही, तिने घंटा वाजवली असं गावाच्या तोंडाने मी म्हणू कसं?”

आजोबा वाईट नव्हते. प्रश्न खरा होता, आणि गावालाही तो पटकन सुटेना. ढोलवाल्याचे हात हवेत राहिले. ओकदानने चपलांत घातलेला पाय तसाच थांबला.

घंटा अजून हलत होती.

“माई,” आजोबा वळून म्हणाले, “तुम्हीच सांगा. ही घंटा वाजवली कोणी?”

माईने काठी उचलली. नदीकडे रोखली.

“पलीकडे अंगणात एक बाई केस वाळवत बसलीय. तिने.”