न हरणारा मॅनेजर

फुटबॉलची मॅच असली की लग्नाची तारीख पुढे ढकलणारं एक गाव होतं. तिथे कुस्तीच्या तालमीच फुटबॉलचे संघ चालवायच्या. त्या गावात इंद्रजित सासने नावाचा एक मॅनेजर राहायचा. बँकेतला नव्हे, कॉम्प्युटरवरच्या फुटबॉलमधला. या खेळात स्वतः चेंडू मारायचा नसतो. अकरा जण निवडायचे, कुणी कुठे उभं राहायचं आणि कसं खेळायचं ते ठरवायचं, मग मॅच कॉम्प्युटर खेळतो. मॅनेजरने नुसतं बघत बसायचं. डावपेच जमला तर हसत, फसला तर नखं खात.

इंद्रजितवर नखं खायची वेळ म्हणे कधी आलीच नव्हती. सलग दोन हंगामांत तो एकही मॅच हरला नव्हता. हे त्याने गावभर सांगितलं होतं, आणि ज्यांना सांगून झालं होतं त्यांना पुन्हा सांगितलं होतं.

एक गोष्ट मात्र त्याने कुणाला सांगितली नव्हती. मॅचआधी तो खेळ सेव्ह करून ठेवायचा. हरला की खेळ बंद करायचा, सेव्ह केलेला उघडायचा आणि तीच मॅच पहिल्यापासून खेळायचा. पुन्हा हरला तर पुन्हा. कधी तिसऱ्या खेपेला जिंकायचा, कधी नवव्या. हरलेल्या मॅचचा मागमूस राहायचा नाही. हळूहळू त्या त्याच्या मनातूनही गेल्या आणि आपल्याला हरवणारा जन्मालाच यायचाय, असं त्याला खरोखर वाटू लागलं.

त्याला एकच गोष्ट मनापासून हवी होती. लहानपणी झाडावरून पडून त्याचा एक पाय अधू झाला होता, त्यामुळे मैदानात उतरणं नशिबी नव्हतं. वीस वर्षं त्याने दोरीबाहेर उभं राहून मॅच बघितल्या होत्या. त्याला दोरीच्या आत यायचं होतं. तालमीच्या संघाच्या बाकावर, कोच हिंदुराव वस्तादांच्या शेजारी बसायचं होतं. वस्तादांची नजर अलीकडे मंदावली होती आणि खेळ ओळखणारा माणूस त्यांना शेजारी हवाच होता. एक दिवस इंद्रजित धीर करून त्यांच्याकडे गेला.

"मामा, दोन हंगाम झाले, मी हरलेलो न्हाई."

"न हरणारा माणूस मी अजून बघितला न्हाई," वस्ताद म्हणाले. "तुझ्या त्या खेळात आपल्या तालमीची पोरं घालता येत्यात का?"

"येत्यात की."

"मग घाल. जशी हायती तशीच घाल, पदरचं काही मिसळू नको. दहा मॅची माझ्यासमोर खेळून दाखव. मग बाकाचं बघू."

इंद्रजितने संघ प्रामाणिकपणे भरला. खेळात प्रत्येक गुणाला वीसपैकी मार्क द्यायचे असतात. बचावफळीच्या मधोमध खेळणारा स्टॉपर सर्जेराव, वय पस्तीस. हेडरला अठरा दिले, धावण्याला सहा. सहा लिहिताना हात जरा थांबला, पण त्याने सहाच लिहिले. अस्लम आणि संताजी हे कडेने पळणारे दोघे, त्यांना धावण्याला सतरा. संघ घरचा झाला. डावपेच मात्र त्याने नेहमीचाच ठेवला, इंटरनेटवरून उतरवलेला. बचावफळीसकट सगळ्यांनी मध्यरेषेपर्यंत वर चढायचं आणि चेंडू समोरच्याकडे गेला की अंगावर धावून जायचं. मोठमोठ्या संघांना तो शोभत असेल. आपल्याही संघाला शोभेल, यात इंद्रजितला तिळमात्र शंका नव्हती.

रोज संध्याकाळी सहाला तालमीच्या खोलीत मोठ्या टीव्हीवर मॅच होऊ लागली. पहिली मॅच तीन गोलांनी गेली. दुसरी चार गोलांनी. तिसरीचं न विचारलेलं बरं. वस्ताद टीव्हीला नाक लावून बघायचे आणि उठताना एवढंच म्हणायचे, "उद्या सहाला."

चौथ्या दिवशी वस्ताद डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते. 'सुरू कर, येतोच,' असा त्यांचा निरोप आला. इंद्रजितने मॅच लावली आणि तीन गोलांनी हरला. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. आता बाक गेला, असं त्याच्या मनात आलं. बोटांना जुनी सवय होतीच. त्याने खेळ बंद केला, सेव्ह केलेला उघडला. चौथ्या खेपेला मॅच एक-शून्य जिंकली. तेवढ्यात वस्ताद आले.

"जिंकलो, मामा."

"झकास. काय बदललंस?"

"काहीच न्हाई," इंद्रजितच्या तोंडून निघून गेलं.

"मग जिंकलास कसा?"

खोटं बोलणं सोपं होतं. म्हाताऱ्याला धड दिसत नव्हतं आणि कॉम्प्युटरमधलं तर काहीच कळत नव्हतं. पण त्या मंद डोळ्यांकडे बघून इंद्रजितला स्वतःची लाज वाटली.

"मामा, पहिल्यांदा हरलो हुतो. ती पुसून परत खेळलो. त्या दोन हंगामांतपण असंच केलंय."

वस्ताद रागावले नाहीत. "हरलेली कुठं हाय? दाखव."

"पुसली, मामा. ती आता न्हाई."

"मला तीच बघायची हुती," वस्ताद म्हणाले. "ही लिही हरलेल्यात. उद्या सहाला."

पाचवी मॅच इंद्रजित हरला, पण या वेळी त्याने खेळ बंद केला नाही. वस्तादांनी खुर्ची जवळ ओढली. "आता हीच मॅच परत बघायला लाव. मला नीट दिसत न्हाई, तू बघून सांग. गोल कुठनं आला?"

दोन हंगामांत पहिल्यांदाच इंद्रजितने आपली हार डोळे उघडून बघितली. पहिला गोल सर्जेरावच्या पाठीमागून आला होता. दुसरा तिथूनच. तिसराही तिथूनच. पहिल्या तीन हरलेल्या मॅचही त्याने लावून बघितल्या, तिथेही तेच. वर चढलेला सर्जेराव मागे वळेपर्यंत समोरचा गडी गोलपाशी पोचलेला असायचा. सर्जेराव वाईट खेळाडू नव्हता. त्याला न झेपणारं काम मॅनेजरने त्याच्या गळ्यात घातलं होतं.

इंद्रजितने उसना डावपेच मोडला आणि हाताशी असलेल्या माणसांवरून नवा बांधायला घेतला. सर्जेरावला मागे, गोलजवळ ठेवला. चेंडू उंचावरून आला की डोक्याने काढायचा, एवढंच त्याचं काम. मधल्या फळीतल्या, न दमणाऱ्या एका हाफला त्याच्या पुढे उभा केला. सगळ्यांनी अंगावर धावून जाणं बंद केलं. चेंडू मिळाला की लांब, अस्लम आणि संताजीच्या पुढ्यात. सहावी मॅच बरोबरीत सुटली. सातवी आणि आठवी त्याने जिंकली. नववी हरला आणि ती पूर्ण दोनदा बघितली. दहावी जिंकली.

सहा हारी, एक बरोबरी, तीन विजय. इंद्रजितने हिशेब स्वतःच सांगितला आणि मान खाली घातली.

"सहा मॅची का हरलास, ते सांग," वस्ताद म्हणाले.

कागद न बघता त्याने एकेक सांगितली. कोणत्या मिनिटाला, कोणाच्या पाठीमागून, आणि त्यात मॅनेजरची चूक कोणती. पाच सांगून तो थांबला.

"आणि चौथी?"

"तिचं मला सांगता येत न्हाई, मामा. कायमचंच राहिलं ते."

वस्ताद म्हणाले, "रविवारी मॅच हाय. मैदानावर ये."

रविवारी इंद्रजित नेहमीसारखा दोरीबाहेर जाऊन उभा राहिला. वस्तादांनी दोरी उचलून धरली आणि बाकावर सरकून जागा केली.

"बस. मला दिसत न्हाई. कुठं चुकतंय ते सांगत राहा."

तात्पर्य: जो आपली हार पुसून टाकतो, तो तिने शिकवलेलंही गमावतो; जो तिच्याकडे नीट बघतो, त्यालाच आपल्या माणसांचं बळ ओळखून जिंकता येतं.